मारिसोलच्या मिरच्या मी नाही घेतल्या

८ ऑगस्ट २००९, शनिवार

मी नाही घेतल्या! इथे तरी लिहू दे, कारण घरात कोणी ऐकूनच घेत नाही.

मराठीत लिहितेय कारण ब्रायनला मराठी वाचता येत नाही. ब्रायन म्हणजे माझा धाकटा भाऊ, कॅनडात वाढलेला, दुसऱ्यांच्या वस्तूंत नाक खुपसण्यात एक्स्पर्ट. मी वसईच्या शाळेत सहावीपर्यंत होते, मग आम्ही ब्रॅम्पटनला आलो. म्हणून माझं मराठी सहावीचं आणि इंग्लिश त्याहून बेकार. चालतं. डोनटच्या दुकानात काउंटरवर उभं राहायला कोणी निबंध लिहून मागत नाही.

तर झालं असं. आमच्या बेसमेंटमध्ये रोहेलियो आणि मारिसोल भाड्यानं राहतात. मेक्सिकोचे, पुएब्लाकडचे. मे महिन्यात त्यांना मुलगी झाली, हिमेना. ह्या महिन्याच्या शेवटी तिचा बाप्तिस्मा. रोहेलियोची आई त्यासाठी येणार होती आणि जेवणाला मोले करणार होती. मोले म्हणजे त्यांचा मिरच्यांचा सॉस, पण सॉस म्हटलं की मारिसोल चिडते. घट्ट, काळाकुट्ट, टर्कीवर ओततात. तो नसला तर म्हणे बाप्तिस्म्याचं जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं. पण जुलैत सरकारनं मेक्सिकोच्या लोकांना अचानक व्हिसा लावला आणि म्हातारीचं येणं कॅन्सल. मग तिनं स्वतःऐवजी मिरच्या पाठवल्या. इथे शेतावर कामाला येणाऱ्या एका माणसाबरोबर, पोतंभर.

त्या माणसाच्या सुटकेसमध्ये त्या दमट झाल्या होत्या. काल मारिसोलनं त्या आमच्या बॅकयार्डच्या डेकवर कोपऱ्यात पसरल्या. डेकवर आधीच मम्मीच्या मिरच्या होत्या, चादरींवर, कारण ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे बाटली मसाल्याचा महिना. वसईला मे महिन्यात करतात, इथे मेमध्ये ऊन कुठलं. संध्याकाळी पाऊस आला. मम्मी-डॅडी धावत सुटले आणि सगळं आत आणलं. आज दुपारी मारिसोल वर आली आणि म्हणाली, माझ्या मिरच्या कुठे?

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सगळ्यांनी! डॅडींनी पण! मी काल रात्री नऊपर्यंत दुकानात होते, युनिफॉर्ममध्ये, डोक्यावर ती जाळी घालून!

ब्रायन म्हणतो, “क्रिस्टा, जस्ट गिव्ह इट बॅक. इट्स नॉट फनी.”

“मी नाही घेतल्या.”

“यू सेड दॅट अबाउट द बूट.”

बूट म्हणजे, जूनमध्ये मी रोहेलियोच्या डाव्या बुटात पाणी भरून तो फ्रीझरमध्ये ठेवला होता. ती गंमत होती. रोहेलियो स्वतः हसला होता, पाय गरम झाल्यावर. बुटाचा आणि मिरच्यांचा काय संबंध? म्हाताऱ्या बाईच्या मिरच्या लपवण्यात गंमत कुठे आहे? गंमत करणाऱ्याला काही लेव्हल असते की नाही?

मम्मी म्हणाली, “मी आपल्याच उचलल्या. कोपऱ्यात काही नव्हतं तेव्हा.” आणि परत गॅरेजमध्ये गेली, उरलेल्या भाजायला. माझ्या बाजूनं एक शब्द नाही.

९ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये मिस्साला गेलो. मी पूर्ण वेळ डोळे मिटून प्रार्थना केली तर ब्रायन कानात विचारतो, कन्फेशनला जाणार का.

परत आल्यावर खाली गेले. हे कालच लिहायला हवं होतं, पण रागात राहिलं: हिमेनाची गॉडमदर मी होणार होते. मारिसोलनंच विचारलं होतं, जुलैत. तिला कळा आल्या तेव्हा रोहेलियो नाइट शिफ्टला होता, मी तिला टॅक्सीनं हॉस्पिटलात नेलं आणि अख्खा रस्ता आमच्या फादरची नक्कल करून तिला हसवत ठेवलं. ती म्हणाली, मुलीला अशी मद्रीना हवी. मद्रीना म्हणजे त्यांच्यात गॉडमदर. बाळाचा पांढरा झगा तीच घेते, आणि जन्मभर घरातलीच होते. मला आजपर्यंत कोणी साधी घराची किल्लीसुद्धा विश्वासानं दिलेली नाही. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा आपटले. मम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुला? बाळ हातात दिलं तर त्याला मिशा काढून परत देशील.” पण झगा बघायला माझ्याबरोबर आलीच.

आज मी मारिसोलला विचारलं, झग्याला रिबिन कुठली लावू? तिनं माझ्याकडे बघितलं. मग वर बघितलं, छताकडे, हीटिंगची जाळी आहे तिकडे. वर मम्मी चालत होती, पावलं वाजत होती. मग म्हणाली, “वी सी, क्रिस्टा. लेटर. वी सी.”

वी सी! म्हणजे तिला पण मीच वाटते!

मी भडकले. वर येऊन उशीला गुद्दे मारले.

११ ऑगस्ट, मंगळवार

चोर मीच शोधणार. पोलिसांचं काम आहे खरं तर, पण ते आधी मलाच धरतील.

माझा संशय रकूनवर, म्हणजे इथलं ते मांजरापेक्षा मोठं, रात्री खाणं चोरणारं जनावर. ते ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनचं झाकण उघडतात, मिरच्या काय चीज आहे. काल झोपायच्या आधी डेकभर मैदा पसरला आणि कोपऱ्यात आमच्याच थोड्या मिरच्या ठेवल्या. सकाळी मैद्यात पंजे! अगदी बाळाच्या हातासारखे! मी सगळ्यांना ओढत आणलं.

डॅडी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “बटाटा कापून ठसे केलेस ना? छान जमलेत.”

बटाटा! मला सुचलंच नव्हतं! सुचलं असतं तर केलं पण असतं, पण नाही केलं!

मिरच्या मात्र जिथल्या तिथे. रकून हुंगून गेला होता, बस. मारिसोल खालच्या दारातून बघत होती. ती हसली, पण फक्त तोंडानं.

गॅरेजमध्ये गेले मम्मीला सांगायला. मम्मी बाटल्या भरत होती. आमचा मसाला बियरच्या काळपट बाटल्यांत भरतात, काठीनं दाबून दाबून, म्हणजे वर्षभर रंग जात नाही. त्यासाठी डॅडी वर्षभर बियर पितात आणि त्याला घरकामात मदत म्हणतात. दर वर्षी बाटल्या पुसायचं काम माझं असतं. आज मी फडकं उचललं तर मम्मीनं ते हातातून घेतलं. “नको. तू जा.”

म्हणजे आता मी बाटल्या पुसायच्या पण लायकीची नाही.

मसाला ह्या वर्षी जरा काळसर दिसतो. ऊन जास्त झालं असेल.

१६ ऑगस्ट, रविवार

ठरवलं. मिरच्या सापडत नाहीत ना, मग नव्या आणते. बसनं टोरोंटोला गेले, केन्सिंग्टन मार्केटला. तिथल्या दुकानात मेक्सिकोच्या वाळल्या मिरच्या गोणीतून मिळतात. दुकानवालीला म्हटलं, मोलेच्या द्या. ती म्हणाली, कुठल्या मोलेच्या? घ्या! जशी आमच्याकडे प्रत्येक घरची मसाल्याची वेगळी भांडणं, तशी त्यांचीही. शेवटी रुंद लालसर आंचो घेतल्या आणि लांबट काळ्या पासिया. तिसरी मुलातो लागते, ती नव्हती. रोहेलियोच्या आईच्या पोत्यात तीच सगळ्यात जास्त होती.

खाली नेऊन दिल्या. मारिसोलनं मिठीच मारली. म्हणाली, चल, थोडा करून बघू, तू शीक.

शीक म्हणे. मी मसाला करणाऱ्या बाईची मुलगी! तव्यावर मिरच्या टाकल्या आणि भाजल्या, आमच्यासारख्या, कडकडीत, हातानं चुरा होईल अशा. वळून बघते तर मारिसोल डोक्याला हात लावून उभी.

“नो, नो, नो! यू किल!”

त्यांच्यात मिरची मारत नाहीत. देठ काढायचं, बिया आणि शिरा काढायच्या, डुकराच्या चरबीत नुसती बुडवून उलटायची, फुगली की लगेच बाहेर, आणि मग गरम पाण्यात भिजत. मग वाटायची, ओली. बदाम, शेंगदाणे, मनुका, तीळ, शिळी तोर्तिया म्हणजे त्यांची मक्याची पोळी, केळं, सगळं वेगवेगळं तळायचं. टोमॅटो, कांदा, लसूण भाजायचं. दालचिनी, लवंग. सगळ्याचं वाटण परत चरबीत परतायचं, सूप घालायचं, शेवटी चॉकलेट, आणि ढवळत बसायचं. माझ्या मिरच्या कडू झाल्या होत्या. फेकल्या.

मग तिच्या पद्धतीनं तळली आणि वास आला. मनुकांसारखा, थोडा तंबाखूसारखा, थोडा ओल्या लाकडासारखा.

मी म्हटलं, “अगं, हा वास माझ्या ओळखीचा आहे.”

“फ्रॉम वेअर?”

“आमच्या गॅरेजमध्ये येत होता की असाच.”

मारिसोलनं झटकन गॅस बारीक केला. “चिली इज चिली. ऑल सेम स्मेल.”

ऑल सेम! हे मला सांगते! मी डोळे मिटून काश्मिरी कुठली आणि रेशमपट्टी कुठली ते सांगेन! मला रागच आला. पण ती हिमेनाला घ्यायला गेली, विषय संपला.

सॉस बरा झाला. बराच. पण मारिसोलनं चमचा चाटून खाली ठेवला. रोहेलियोनं चाखला आणि म्हणाला, थँक यू, क्रिस्टा. इतक्या सभ्यपणे की मला रडू यायला लागलं.

२० ऑगस्ट, गुरुवार

शीला आंटी आली होती मसाला न्यायला. चर्चमधल्या अर्ध्या ईस्ट इंडियन बायका, म्हणजे आमच्यासारख्या वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती, मम्मीकडूनच मसाला नेतात, आणि पहिला नंबर नेहमी शीला आंटीचा, कारण तिला सगळं पहिलं लागतं. बातम्या पण.

मम्मी म्हणाली, “ह्या वर्षी नाही गं. मिरची खराब निघाली.”

“अरे देवा! तेरेसाचा मसाला खराब? कधी ऐकलं नाही.” मग माझ्याकडे वळली. “आणि तुझं काय ऐकते मी, मॅडम? भाडेकरूंच्या मिरच्या?”

“मी नाही घेतल्या.”

“हो हो. माझ्या गाडीवर पार्किंगच्या दंडाचं खोटं तिकीट पण तू नव्हतंस लावलं.”

ते लावलं होतं. त्यावर मी स्पेलिंग पण चुकले होते आणि तरी तिला ते खरं वाटलं, हा काय माझा गुन्हा?

“बिचारी ती पोरगी,” शीला आंटी म्हणाली, “परक्या देशात, आणि घरमालकाच्या मुलीनं असं करावं! मी तर तिला सांगणार आहे, आमच्या जाईला कर गॉडमदर. सुशील आहे, नर्सिंग करते.”

मी मम्मीकडे बघितलं. माझी मम्मी अशी की कोणी माझ्या केसांच्या रंगाबद्दल बोललं तरी भर चर्चमध्ये भांडेल. ती स्वतः मला वाट्टेल ते बोलते, पण दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही.

मम्मी म्हणाली, “शीला, चहा थंड होतोय.”

बस. एवढंच.

मी दार आपटून गेले. सुशील म्हणे!

२२ ऑगस्ट, शनिवार

अक्षर धड येत नाहीये. तरी लिहिणार.

शीला आंटीला धडा शिकवायचा होता. प्लॅन असा की मम्मीच्या नव्या मसाल्याची एक बाटली उचलायची आणि तिच्या गाडीच्या एसीत थोडा मसाला टाकायचा. गॅरेजमध्ये बाटल्या जुन्या कार्पेटखाली होत्या. कार्पेटखाली का, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. बूच काढलं.

मनुका. तंबाखू. ओलं लाकूड.

मी परत हुंगलं. आमची हळद, आमचे धणे, आमचं नागकेसर, आणि सगळ्याच्या खाली ती, मोलेची मिरची.

बाटली घेऊन किचनमध्ये गेले. मम्मी भाकरी थापत होती. तिनं बाटली बघितली आणि भाकरी तव्यावर टाकली.

“बाजूला हो, हात भाजेल.”

“मम्मी, ह्यात त्यांच्या मिरच्या आहेत.”

“हळू बोल.”

“तूच घेतल्यास!”

“घेतल्या नाहीत. पावसात गोळा करताना आल्या. देठ तुझ्या डॅडींनी खुडले, बेसबॉल बघत बघत. त्यांना मिरची आणि बटण सारखंच. मला भाजताना कळलं. ह्या वेगळ्याच फुगायला लागल्या. तोवर अर्ध्या झाल्या होत्या.”

“मग तेव्हाच सांगायचं!”

“सांगायलाच निघाले होते. तेवढ्यात ती वर आली, आणि ब्रायन म्हणाला क्रिस्टानं केलं असेल.” तिनं भाकरी उलटली. “मग सोपं झालं.”

“सोपं? सोपं?”

“क्रिस्टा, मला ह्या गावात लोक ओळखतात ते ह्या मसाल्यानं. भाडेकरूंच्या मिरच्या कुटल्या हे शीलाला कळलं तर ती वसईपर्यंत फोन करेल. आणि तुला…” ती परत तव्याकडे वळली. “तुला सवय आहे. मला नाही.”

तुला सवय आहे!

भाकरी जळली आणि आम्ही दोघींनी ती जळू दिली.

मला सवय आहे ती केलेल्या गोष्टींची बोलणी खायची. न केलेल्यांची कोणाला सवय असते?

२३ ऑगस्ट, रविवार

सांगून टाकायचं म्हणून मिस्सा संपल्या संपल्या खाली गेले. भाषण पाठ केलं होतं. “मारिसोल, तुझ्या मिरच्या माझ्या आईनं…” एवढं म्हटलं तर तिनं बोट ओठावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं वरची जाळी दाखवली.

त्या जाळीतून गॅरेजचा वास येतो. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याच दुपारी, वर यायच्या आधी! ती वर आली होती ती मम्मी काय म्हणते ते ऐकायला.

“मग बोलली का नाहीस?”

“शी इज लँडलेडी,” मारिसोल म्हणाली. “वी हॅव बेबी. वेअर वी गो?”

“आणि मला वी सी, वी सी का म्हणालीस? तुला तर माहीत होतं मी नाही!”

मग तिनं समजावलं, हातवारे करून, कारण तिचं इंग्लिश माझ्याइतकंच. मद्रीना झाले की मी तिच्या नात्यातली, आणि माझी आई पण. रोज एका टेबलावर. ती म्हणाली, जी बाई माझ्याकडे बघत नाही तिच्याशी नातं कसं जोडू? मी तिची वाट बघतेय. तुझी नाही.

म्हणजे एकीला तोंड उघडायची लाज आणि दुसरीला भीती, आणि मध्ये पंधरा दिवस चोर कोण? मी! मी दोघींवर पण चिडले आहे. मारिसोलला तसं सांगितलं. ती म्हणाली, यू आर राइट, आणि हिमेनाला माझ्या मांडीवर ठेवलं. बाळ मांडीवर असताना ओरडता येत नाही. हे तिनं मुद्दाम केलं.

वर येऊन मम्मीला एकच वाक्य सांगितलं: “तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

मम्मी कांदा चिरत होती. चिरायची थांबली. मग परत सुरू झाली, पण फार हळू.

२९ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर मम्मी खाली गेली नाही. मी पण तिच्याशी बोलले नाही. घरात फक्त ब्रायन बोलत होता, म्हणजे काय हाल असतील बघा.

आज मोले. सकाळपासून खाली मारिसोल आणि मी. शीला आंटी पण आली, मदतीला म्हणे, जाईला घेऊन. जाई खरंच चांगली आहे, हे आणखी वाईट. बिया काढून झाल्या, तळून झालं, आमचा मिक्सर दोनदा गरम होऊन बंद पडला. वाटण चरबीत पडलं तेव्हा असा फुत्कार मारला की हिमेना दचकली.

शीला आंटी खुर्चीवरून सांगत होती, “क्रिस्टा, तू नको ढवळू. जाई, तू घे डाव. हिच्या हातात मिरची म्हणजे…”

तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. मम्मी. हातात बियरचा क्रेट, बाटल्या खणखणतायत, मागे डॅडी दुसरा क्रेट घेऊन, चेहरा असा की त्यांना आत्ताच सांगितलंय. मम्मीनं क्रेट मारिसोलच्या पायाशी ठेवला. ती इंग्लिश बोलायला लाजते, चर्चमध्ये पण मान हलवून भागवते. आज बोलली.

“युवर मदर-इन-लॉ चिली. हिअर. ऑल. आय मिक्स. बाय मिस्टेक. देन आय टेल लाय.” श्वास घेतला. “माय डॉटर डू नथिंग.”

शीला आंटीचं तोंड उघडंच होतं. मम्मी तिच्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “ऐकलंस ना नीट? आता वसईला फोन कर.”

मारिसोलनं एका बाटलीचं बूच काढलं, हुंगलं, खूप वेळ. मला वाटलं आता हिला रडू येणार किंवा ही थोडा मसाला मोलेत टाकणार. तिनं बूच परत लावलं.

“नॉट इन मोले,” ती म्हणाली. “मोले इज मोले. बट बॉटल, माइन. ऑल.”

सगळ्या! मम्मीचा वर्षभराचा मसाला! मम्मीनं मान डोलावली. मग बाह्या वर केल्या, जाईच्या हातातून डाव घेतला, आणि माझ्या हातात दिला. “थांबू नको. तळाला लागेल.”

मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण ढवळलं. दंड तुटले.

मी वर जायला निघाले तेव्हा मारिसोलनं विचारलं, रिबिन कुठली लावलीस?

३० ऑगस्ट, रविवार

हिमेनाच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ती इतकी संतापली, लाल लाल झाली, मुठी आवळल्या, की मला एकदम ती पटली. फादरनं विचारलं, सैतानाचा त्याग करतेस का, तर ब्रायन मागे खोकला. मी म्हटलं, करते.

जेवण बॅकयार्डमध्ये. मोले सगळ्यांनी परत परत घेतला. म्हातारीला पुएब्लाला फोन लावला आणि रोहेलियोनं फोन पातेल्याजवळ धरला, जणू तिला वास येणार. मम्मी मारिसोलशेजारी बसली होती. दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं आणि दोघी सारख्या बोलत होत्या.

मग शीला आंटी उठली, आणि तिच्याबरोबर खुर्ची पण उठली. तिच्या ड्रेसचा मागचा पट्टा कोणीतरी खुर्चीला बांधला होता, पक्की गाठ. ती तशीच तीन पावलं चालली आणि खुर्चीनं डॅडींची प्लेट उडवली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडायच्या आत मम्मी उभी राहिली. “क्रिस्टानं नाही केलं!” असं ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकला. “खबरदार कोणी तिचं नाव घेतलं तर! काहीही झालं की माझ्या पोरीवर ढकलायचं? ती गॉडमदर आहे! बाळ घेऊन बसलीय बिचारी!”

शीला आंटी म्हणाली, “सॉरी, बेटा.” मला! सॉरी! डॅडी ब्रायनकडे रोखून बघायला लागले.

आता मी काय बोलणार? ती गाठ बाळाला मांडीवर ठेवून एका हातानं मारलेली होती. असली गाठ मला उभ्या जन्मात परत जमणार नाही. आणि मम्मी तिथे उभी, लालबुंद, माझ्यासाठी भांडत.

मी म्हटलं, “जाऊ दे मम्मी, मला सवय आहे,” आणि हिमेनाच्या झग्यात तोंड लपवलं.